वरचा कप्पा, खालचा कप्पा

३ फेब्रुवारी, सोमवार

वर एकोणऐंशी, खाली अडतीस! शंभरातले. आणि आज चौथाच दिवस!

तीन वेळा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना चिमटा इतका थरथरला की एक बी उडून टेबलाखाली गेली. गुडघ्यांवर बसून शोधली, परत डिशमध्ये ठेवली. उगवलेली होती. आता तिला उगवलेल्यांत धरायचं की नाही? ताईला विचारलं. ती म्हणाली, "शंकासुर, खाली पडली म्हणून तिचं मूळ आत गेलं का गं?"

शंकासुर हे माझं इथलं नाव. पहिल्याच दिवशी तिला चौतीस शंका विचारल्या, त्याचं बक्षीस. ताई सरांकडे पीएचडी करते, सहावं वर्ष. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची, या सत्रापुरती तिच्या हाताखाली. सत्र संपताना विभागाला मनोगत लिहून द्यायचंय आणि मला तर कालचंही आठवत नाही. म्हणून इथे सगळं सविस्तर टिपून ठेवतेय.

तर काम असं. टोमॅटोच्या निम्म्या बिया ताईने काढलेल्या पाल्याच्या अर्कात भिजवायच्या, निम्म्या साध्या पाण्यात. मग काचेच्या डिशमध्ये ओल्या कागदावर पंचवीस-पंचवीस मांडायच्या. चार डिश अर्काच्या, चार साध्या. कपाटात ठेवायच्या आणि रोज सकाळी दहाला मोजायच्या. मूळ दोन मिलिमीटर बाहेर आलं की उगवली. कपाट फ्रिजएवढं, काचेच्या दाराचं, आत दोन कप्पे, बाहेर तापमानाचा आकडा — कायम २३. दारावर ताईच्या अक्षरातली चिठ्ठी: "अर्क वर, साधं खाली. अदलाबदल नको!!" गेल्या वर्षीच्या मदतनिसाने डिश एकमेकांत मिसळल्या आणि ताईचा अख्खा महिना वाया गेला. तेव्हापासून हा नियम. वहीतसुद्धा आधी अर्काचा रकाना, मग साध्याचा. "झोपेत मोजलंस तरी चुकणार नाहीस," ती म्हणते.

मी टक्क जागी राहून मोजते, तरी तीनदा.

ही तिसरी खेप. तिन्ही वेळा अर्क दुपटीने पुढे. सरांनी वही पाहिली, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "सुरेख." सर छताकडे पाहून बोलले की खूश असतात म्हणे.

५ फेब्रुवारी

नोटीस लागली. १४ मार्चला सादरीकरण, प्रत्येकी बारा मिनिटं. नंतर दोन पानी मनोगत: "संशोधनाच्या अनुभवातून मी काय शिकलो/शिकले." मुंग्याने ते आजच लिहून टाकलं! (मुंग्या म्हणजे माझ्या वर्गातला, मुंग्यांवर काम करणारा. त्याच्या अर्ध्या मुंग्या गेल्याच आठवड्यात पळाल्या.) मी म्हटलं, अरे अजून प्रयोग कुठे झालाय? तर म्हणे, "संयम शिकलो, चिकाटी शिकलो, अपयश पचवायला शिकलो. सगळे हेच लिहितात. तूही लिही."

मला संयम नाही. चिकाटी आहे, पण ती भीतीपोटी आहे. ते कसं लिहिणार?

११ फेब्रुवारी, मंगळवार

ताईची मुलगी आजारी, ताई रजेवर. आणि खालच्या कप्प्याची जाळी ज्यात अडकवतात तो हूक नेमका आजच तुटला! जाळी एका बाजूने लोंबायला लागली. दुरुस्तीवाले काका जाळीच घेऊन गेले, "शनिवारी देतो" म्हणाले. चौथ्या खेपेच्या बिया भिजून तयार. ताईला फोन करून विचारायला हवं होतं. पण मागून तिची मुलगी रडत असेल, मी कुठे जाळीचं रडगाणं लावू? आठही डिश वरच्याच कप्प्यात दाटीवाटीने बसवल्या. डावीकडे अर्क, उजवीकडे साध्या. चिठ्ठीकडे पाठ करून.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अर्क सत्त्याहत्तर. साध्या चौऱ्याहत्तर.

चौऱ्याहत्तर!!

मी माती खाल्ली. नक्की बिया भरताना गोंधळ केला. गेल्या वर्षीचा तो मुलगा आणि मी, दोघं एका माळेचे मणी. सोमवारी ताईला काय सांगू?

१७ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं, त्याची लाज वेगळीच. ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वहीच्या त्या पानावर तिरकी रेघ मारली, "भरताना चूक, खेप बाद" असं लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली. "होतं गं," ती म्हणाली. "फेकून दे आणि परत लाव. मला आता लिहायला बसायचंय, कपाट तुझ्यावर सोपवलं."

प्रबंध २० मार्चला द्यायचाय. तीनदा मुदत वाढवून झालीय. एका कॉलेजने तिच्यासाठी जागा अडवून ठेवलीय, पण प्रबंध दिल्याचा कागद मार्चअखेर हातात हवा. तिसरं प्रकरण म्हणजे हाच अर्क. आणि अशा वेळी मी तिला बाद खेप देते.

१८ फेब्रुवारी

एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. अर्कात भिजलेल्या बिया धुतल्या तरी जरा तांबूस राहतात. मग गोंधळ झाला असेल तर तांबूस आणि पांढरट एकाच डिशमध्ये सापडायला हव्यात ना?

दुपारी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. केराच्या बादलीतून कालच्या डिशमधले कागद काढले. झाडूवाल्या मावशींनी पाहिलंच. "काय हरवलं का बाई?" "नाही हो, बिया." "मग पडल्या तर पडू देत की!"

चार कागदांवर सगळ्या तांबूस. चार कागदांवर सगळ्या पांढरट. एकसुद्धा इकडची तिकडे नाही.

मी चुकले नव्हते. खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट धाबं दणाणलंय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना सहज म्हणून घरी सांगितलं. आईचं लक्ष नव्हतं. आत्याचं होतं. आत्या तेहेतीस वर्षं नर्स होती, अजूनही भाजी आणायला निघते ती जणू राउंडला निघाल्यासारखी. ती म्हणाली, "आमच्या वॉर्डात खिडकीजवळचे पेशंट लवकर घरी जायचे. एक डॉक्टर आपल्या नव्या औषधाची माणसं हटकून खिडकीशी ठेवायचा. म्हणे, मला बघायला सोपं पडतं."

"मग?"

"मग काय! औषध गुणकारी ठरलं."

मनात पाल चुकचुकली.

२१ फेब्रुवारी

पहिल्या वर्षाच्या खणातून दोन काचेचे थर्मामीटर घेतले. एक वर, एक खाली. (खालची जाळी परत आलीय.) तासभर बाहेरच्या स्टुलावर बसून राहिले, पुस्तक उलटं धरलंय हेसुद्धा कळलं नाही.

वर सव्वीस. खाली वीस. बाहेरचा आकडा इमानदारीत २३ दाखवतोय, कारण त्याची तार बरोबर मधे आहे. कान लावून ऐकलं, आतला पंखा फिरतच नाही. गरम हवा वर जाऊन बसते. पंखा कधीपासून बंद आहे? कुणालाच माहीत नसणार. कुणी विचारलंच नाही. चौतीस शंका विचारल्या मी, त्यात ही नव्हती!

टोमॅटोला ऊब आवडते. म्हणजे वरच्या बिया अर्काने उगवत होत्या, की...

नाही लिहिवत.

२२ फेब्रुवारी

चिठ्ठी मोडली. ठरवून, शुद्धीत. नवी खेप: साध्या वर, अर्क खाली. वहीत नाही लिहिली, वेगळ्या कागदावर लिहिली. ताई लायब्ररीत प्रकरण लिहितेय आणि मी इथे तिच्या कपाटात चोरासारखी. दार लावताना देवाला म्हटलं, अर्क जिंकू दे. खालून जिंकू दे!

२४ फेब्रुवारी

ताई डबा खायला आली. तिचा डबा नेहमी दोघींना पुरेल एवढा असतो. कपाटाकडे तिची पाठ होती, माझं तोंड. मी नुसती भाजी चिवडत बसले. "बरी आहेस ना? तोंड का उतरलंय?" माझ्यासारख्या चोराच्या मनात सारखं चांदणंच.

२६ फेब्रुवारी, बुधवार

वर, साध्या: एक्क्याऐंशी.

खाली, अर्क: एकेचाळीस.

अर्क म्हणजे नुसतं पाणी.

२७ फेब्रुवारी

एकाच खेपेवर काय ठरतं? आणखी एक लावते. म्हणजे अजून चार दिवस कुणाला काही सांगायला नको. मी किती भित्री आहे!

३ मार्च, सोमवार

चार दिवस झाले. वर साध्या अठ्ठ्याहत्तर, खाली अर्क चाळीस. झालं. आता निमित्त उरलं नाही.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगितलं तर ताईची सहा वर्षं माझ्या एका कागदाने बुडतात. तिसरं प्रकरण गेलं की २० तारीख गेली, ती गेली की कॉलेजची जागा गेली. नाही सांगितलं तर? कुणाला कळणार आहे? प्रबंध कपाटात पडून राहतात म्हणे. पण उद्या कुणी हाच अर्क घेऊन शेतभर बिया भिजवेल. आणि मी पुन्हा कधी काही मोजेन तेव्हा मला हेच आठवेल.

तिने मला चिमटा धरायला शिकवला. माझी पहिली डिश फुटली तेव्हा "माझी" म्हणून स्वतःच्या नावावर घेतली. तिच्याच पायावर मी धोंडा टाकायचा?

आत्याला नावं न घेता विचारलं. "चूक दाखवणारी नर्स कुणाला नको असते," ती म्हणाली. "तरी मी दाखवायचे." मग काय व्हायचं? "काय होणार, सलग रात्रपाळ्या मिळायच्या." आणि हसली. मला हसू आलं नाही.

६ मार्च, गुरुवार

सांगितलं.

ताई बेसिनपाशी डिश धूत होती. मी वाक्य पाठ करून गेले होते: "ताई, मला एक गोष्ट दिसली आहे, कदाचित माझी चूक असेल." प्रत्यक्षात तोंडातून निघालं, "ताई, पंखा बंद आहे." ती म्हणाली, "लाव मग." भिंतीवरच्या पंख्याकडे हात केला तिने!

मग सगळं सांगितलं. जाळी, केराची बादली, थर्मामीटर, दोन उलट्या खेपा. कागद पुढे धरला. तिचे हात ओले होते, म्हणून मीच धरून ठेवला आणि तिने वाचला. दोनदा. नळ चालूच होता. कुणीतरी बंद करायला हवा, एवढंच माझ्या डोक्यात येत राहिलं.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"बरं." नळ बंद केला. हात पुसले, एकेक बोट. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. "बघते मी."

रागावली नाही. रडली नाही. "शंकासुर" म्हणाली नाही. मला वाटलं होतं, सांगितलं की मोकळं वाटेल. आता भीती दुप्पट झालीय, आणि पुरावाही माझ्याकडे नाही.

७ मार्च

काही नाही.

८ मार्च

काही नाही. ताई आली, लिहीत बसली, गेली. माझ्याकडे पाहून हसली. कसलं हसू ते?

१० मार्च, सोमवार

तिच्या टेबलावर तिसरं प्रकरण छापून ठेवलंय. वरचंच पान दिसलं. आलेख तसाच, दोन खांब, एक उंच एक बुटका. म्हणजे तिने ठरवलं. झाकली मूठ.

आधी राग आला. खूप. मग तिची मुलगी आली पाळणाघरातून, ताईच्या खुर्चीखाली शिरून बसली आणि ताई एका हाताने टाइप करत दुसऱ्या हाताने तिची वेणी घालत होती. राग कुठे गेला कळलं नाही. मी तिच्या जागी असते तर? मी एक बी खाली पडली तर थरथरते. सहा वर्षं खाली पडली असती तर?

११ मार्च

सादरीकरणात मी काय दाखवू? तिसऱ्या खेपेचा आलेख दाखवला तर मी खोटी. उलट्या खेपा दाखवल्या तर भर सभागृहात ताईची शोभा. मुंग्या म्हणतो, आजारी पड. दुसरं काही सुचत नाही त्याला.

१३ मार्च, गुरुवार

दुपारी सभागृहात सराव. धीर करून ताईला विचारलं, "तो आलेख ठेवू की काढू?" ती म्हणाली, "ते तू ठरव." मग म्हणाली, "घाबरू नकोस. मी असेन मागे."

ठेव म्हणाली नाही, काढ म्हणाली नाही. हा अर्थ मी कुठून लावू? "मागे असेन" म्हणजे लक्ष ठेवून असेन? की माझ्यावर विसंबून आहे? मला सरळ ओरडून सांग ना गं बाई, काय करायचं ते!

आलेख ठेवलाय. गप्प राहीन. खोटं बोलणार नाही, फक्त गप्प राहीन. ते वेगळं असतं. असतं ना?

१४ मार्च, शुक्रवार, दुपार

झालं.

माझ्या आधी मुंग्या बोलला, सगळे हसले, टाळ्या पडल्या. मग मी. नऊ मिनिटं बरी गेली. आलेख दाखवला, "अर्कात भिजवलेल्या बिया लवकर उगवल्या" म्हणाले. ते खोटं नव्हतंच की, उगवल्याच होत्या! का उगवल्या ते बोलले नाही. वाटलं, सुटले.

"प्रश्न?" तर सर उभे राहिले. सर विद्यार्थ्यांना कधी प्रश्न विचारत नाहीत. छताकडे नाही, सरळ माझ्याकडे पाहत होते.

"मला एवढंच सांग. डिशच्या जागा कधी बदलून पाहिल्या होत्या का?"

शेवटच्या रांगेत ताई. तिने माझ्याकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली, हळूच, एकदाच. तिच्या मांडीवर तिची मुलगी झोपली होती. मला एकदम सगळं दिसलं. सरांना संशय आलाय. खरं सांगितलं तर संपलंच, नुसतं "नाही" म्हटलं तरी पुढचा प्रश्न येणार, त्यापुढचा येणार, आणि सहा दिवसांत ताईचं सगळं संपणार. ती मान हलवतेय म्हणजे हात जोडतेय.

"हो सर," मी म्हणाले. "रोज बदलत होतो. वरच्या खाली, खालच्या वर. तरी अर्कच पुढे होता."

अगदी स्पष्ट आवाजात. जन्मात इतकं न अडखळता बोलले नव्हते. एकही शंका नाही.

सर "असं," म्हणाले आणि बसले. टाळ्या पडल्या. परीक्षक बाई म्हणाल्या, "मुलीने काळजी घेतलीय हं!"

मी खोटं बोलले. इतकं सोपं असतं हे ठाऊक नव्हतं. वाईट वाटतंय, पण आतून, लाज वाटते लिहायला, जरा बरंही वाटतंय. पहिल्यांदाच कुणासाठी तरी धीट झाले. ताई वाचली. तिला भेटायला थांबले नाही, डोळे भरले असते.

१४ मार्च, संध्याकाळ

ताई घरी आली होती. मुलीला आत्याकडे सोडून माझ्या खोलीत आली, दार लोटलं. तिने काल दुपारी, मी सरावाहून गेल्यावर, माझा कागद सरांपुढे ठेवला होता. सगळं सांगितलं होतं. तिसरं प्रकरण काढलंय. सरांनी सकाळीच कॉलेजला फोन करून तिच्यासाठी दोन महिने मागून घेतले, आणि त्या प्रकरणाच्या जागी माझ्या उलट्या खेपा घालायच्या ठरवल्या होत्या, माझ्या नावाने. मला यातलं आधी काही सांगू नकोस, असं सर तिला म्हणाले होते. पोरीचा शोध आहे, सगळ्यांसमोर तिलाच सांगू दे, मी प्रश्न विचारतो.

ताईने माझा हात धरला. मग तिने एवढंच विचारलं, "मग तू अर्कच पुढे होता असं का म्हणालीस गं?"